व्याकरण येतं, बोलता येत नाही: मधल्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी कसं शिकवावं

कोल्हापुरात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा विद्यार्थी भेटलेला असतो. बारा काळांचा तक्ता त्याला पाठ असतो. ‘पॅसिव्ह करा’ म्हटलं की पाचातली चार वाक्यं बरोबर करून देतो. कंपनीत आलेली मेल वाचून तिचा मुद्दा त्याला कळतो. पण ‘काल दिवसभर काय केलंत, दोन मिनिटं इंग्रजीत सांगा’ म्हटलं की तिसऱ्या वाक्याला अडतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. म्हणजे आज विशीत असलेला मराठी माध्यमाचा मुलगाही दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेला असतो. त्याला पुन्हा अक्षरओळखीच्या शेजारी नेऊन बसवलं की तो क्लासला यायचा बंद होतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

अशा विद्यार्थ्याला नवं व्याकरण फारसं लागत नाही. आहे ते व्याकरण त्याच्या तोंडात आणि हातात उतरावं लागतं. त्यासाठी सोमवारी ग्रामर, बुधवारी स्पोकन आणि शुक्रवारी रायटिंग अशी वेगवेगळी खाती पाडायची नाहीत. एका आठवड्याला एकच विषय आणि एकच रचना घ्यायची, आणि तीच वाचायची, बोलायची, लिहायची. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते पुढे सविस्तर लिहितो.

पहिला तास: शिकवू नका, ऐका

काउन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषेच्या सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. आपण ज्याला मधला टप्पा म्हणतो तो साधारण बी१ आणि बी२. बी१चा विद्यार्थी ओळखीच्या विषयावर साधा, सलग मजकूर लिहू शकतो, अनुभव सांगू शकतो, आपल्या मताचं थोडक्यात कारण देऊ शकतो. बी२चा विद्यार्थी एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडू शकतो आणि समोरच्याला फार ताण न देता गप्पा चालू ठेवू शकतो. जाहिरातीत ‘इंटरमीजिएट बॅच’ लिहिणं सोपं असतं. समोर बसलेल्यांपैकी कोण कुठे आहे, हे मात्र पहिल्याच तासाला शोधावं लागतं.

त्यासाठी छापील चाचणीपेक्षा दोन कामं जास्त उपयोगी पडतात. प्रत्येकाला मोबाईलवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायला सांगा. विषय घरचाच द्या: ‘तुमच्या गावाहून कोल्हापूरला यायचा रस्ता आणि त्या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत काय बदललं.’ या एका विषयात वर्णन, भूतकाळ आणि आजपर्यंत चालत आलेला बदल अशा तिन्ही गोष्टी येतात. मग त्याच विषयावर वर्गातच, हाताने, एक परिच्छेद लिहून घ्या. घरून आणायला सांगितलं तर भाषांतराच्या ॲपचं इंग्रजी तुमच्या हातात येईल आणि विद्यार्थ्याचं खरं इंग्रजी कळणार नाही.

घरी गेल्यावर रेकॉर्डिंग ऐका आणि एका वहीत प्रत्येकाच्या नावापुढे नोंदी करा. सगळ्या चुका लिहून काढू नका. तीनच रकाने पुरतात: कोणत्या चुकीने अर्थच बदलला, कोणती चूक पुन्हापुन्हा आली, आणि कुठे शब्द न सापडल्यामुळे बोलणं थांबलं. हा तिसरा रकाना बहुतेक शिक्षक करत नाहीत, पण बोलण्याच्या सरावाची दिशा त्यातूनच कळते. रेकॉर्डिंग जपून ठेवा. तीन महिन्यांनी तोच विषय पुन्हा द्यायचा आहे.

मराठीतून येणाऱ्या चुका

आपले विद्यार्थी ज्या चुका करतात त्यातल्या बऱ्याच आंधळ्या नसतात. मराठीचा नियम ते प्रामाणिकपणे इंग्रजीला लावत असतात. शिक्षकही मराठी बोलणारा असेल तर हे त्याच्या हातातलं मोठं साधन आहे. परदेशी पुस्तकात ते मिळत नाही, कारण ती पुस्तकं जगातल्या सगळ्यांसाठी एकदमच लिहिलेली असतात.

‘मी पाच वर्षांपासून शिरोलीत काम करतो’ हे मराठी वाक्य घ्या. विद्यार्थी म्हणतो, ‘आय ॲम वर्किंग इन शिरोली सिन्स फाइव्ह इयर्स.’ मराठीत क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि ‘पासून’ दोन्हीकडे चालतं: पाच वर्षांपासून, २०२० पासून. इंग्रजीत क्रियापद बदलून ‘हॅव बीन वर्किंग’ होतं. शिवाय कालावधी असेल तर ‘फॉर’ आणि सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’ लागतं. फळ्यावर एक आडवी रेघ ओढा. २०२०ला ठिपका द्या, आजला ठिपका द्या. ठिपक्याकडे बोट दाखवलं की ‘सिन्स’, रेघेवरून बोट फिरवलं की ‘फॉर’. नियम न सांगताही वर्ग दहा मिनिटांत बरोबर बोलायला लागतो.

जर-तरच्या वाक्याचंही तसंच. ‘तू आला असतास तर मी थांबलो असतो’ यात मराठी दोन्हीकडे एकच रूप वापरते. म्हणून विद्यार्थी दोन्हीकडे ‘वुड’ घालतो: ‘इफ यू वुड हॅव कम, आय वुड हॅव वेटेड.’ इंग्रजीला पहिल्या अर्ध्या भागात ‘हॅड कम’ हवं असतं. ‘तो म्हणाला की मी येईन’ असं आपण सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ‘मी’ म्हणजे तोच हे कळतं. इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय विल कम’ म्हटलं तर येणारा माणूसच बदलतो. ही अर्थ बदलणारी चूक आहे, म्हणून ती लवकर घ्या. ‘तो कुठे राहतो मला माहीत नाही’ याचं ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ होतं, कारण शाळेत प्रश्नाची रचना घोटून घेतलेली असते आणि प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की तो सरळ होतो हे कुणी दाखवलेलं नसतं.

विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं थेट इंग्रजीत उतरतात: ‘त्याविषयी चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट इट’, ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, ‘मला सांगितलं’ म्हणून ‘टोल्ड टू मी’. यांना व्याकरण म्हणून शिकवण्यात वेळ घालवू नका. शब्द म्हणूनच पाठ करून घ्या. वहीत ‘डिस्कस’ एकटा लिहायचा नाही, ‘डिस्कस द प्लॅन’ असा जोडीने लिहायचा.

‘अ’, ‘ॲन’, ‘द’ हा विषय एका आठवड्यात संपवायच्या फंदात पडू नका. तो वर्षभर, रोज पाच मिनिटं घ्या. मराठीत आर्टिकल नाही, पण ‘बाजारात एक माणूस भेटला, तो माणूस म्हणाला’ असं आपण बोलतोच. पहिल्यांदा नाव घेताना ‘अ’ आणि ओळख झाल्यावर ‘द’ हा मुख्य उपयोग या वाक्याच्या आधाराने मुलांना पटतो. बाकीचे उपयोग वाचताना भेटतील तसे दाखवत जा.

एक आठवडा, एक विषय: गुऱ्हाळ आणि पॅसिव्ह

आता प्रत्यक्ष आठवडा बघू. रचना पॅसिव्ह व्हॉइसची, विषय गूळ कसा तयार होतो हा. करवीर, पन्हाळा, कागल भागातून येणाऱ्या निम्म्या वर्गाने गुऱ्हाळ लहानपणापासून पाहिलेलं असतं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही आहे. विषयाची माहिती विद्यार्थ्याकडे आधीच असली की त्याची सगळी ताकद भाषेवर लागते. हे तत्त्व मी प्रत्येक आठवड्याला पाळतो: माहिती जुनी असेल तर रचना नवी घ्यायची, रचना जुनी असेल तर माहिती नवी.

पॅसिव्ह आपल्याकडे ‘राम आंबा खातो’ हे वाक्य उलटं करून शिकवतात. त्यामुळे वाक्य फिरवता येतं, पण ते का फिरवायचं हे कळत नाही. पॅसिव्हच्या खऱ्या उपयोगाला जवळचं रूप मराठीत आधीच आहे आणि ते आपण दिवसभर वापरतो: ‘ऊस गाळतात, रस उकळतात, मळी काढतात.’ कोण गाळतं, कोण उकळतं, कुणी विचारत नाही. कर्ता महत्त्वाचा नसतो तेव्हा मराठी असं बोलते. इंग्रजी त्याच ठिकाणी ‘द केन इज क्रश्ड, द ज्यूस इज बॉइल्ड’ म्हणते. वर्गाला आधी ही ‘करतात’ची वाक्यं द्या आणि मग इंग्रजीकडे जा. ‘ऊस गाळला जातो’ या पुस्तकी मराठीवरून जाऊ नका, कारण तसं घरी कुणी बोलत नाही.

पहिल्या दिवशी तुम्हीच लिहिलेला नऊ-दहा वाक्यांचा उतारा द्या. चरकात ऊस गाळला, रस काहिलीत घेतला, चुलवाणाला जाळ लावला, भेंडीच्या पाण्याने मळी वर आणून काढून टाकली, पाक आटवला, थंड करून साच्यात भरला, असा क्रम ठेवा. बहुतेक वाक्यं पॅसिव्हमध्ये असू देत. एक मात्र मुद्दाम ॲक्टिव्ह ठेवा: ‘द गुळव्या ड्रॉप्स अ लिटल सिरप इन कोल्ड वॉटर अँड डिसाइड्स व्हेन इट इज रेडी.’ मग विचारा की हे एकच वाक्य वेगळं का. वर्गातून उत्तर येतंच: इथे माणूस महत्त्वाचा आहे, गुळव्याच्या हाताशिवाय गूळ नाही. पॅसिव्ह कधी वापरायचा आणि कधी नाही याचा सगळा धडा त्या एका उत्तरात आहे. तो विद्यार्थ्याच्या तोंडून आला पाहिजे, तुमच्या नाही. ‘चुलवाण’, ‘काहील’, ‘काकवी’ यांना इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसू नका. मूळ शब्द ठेवायचा आणि पुढे चार शब्दांत समजवायचं: ‘काकवी, द थिक सिरप बिफोर इट बिकम्स जॅगरी.’ अनोळखी गोष्ट अशी समजावून सांगता येणं ही या पातळीवर फार मोलाची कला आहे.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद. जोड्या लावा. एकाने गुऱ्हाळ कधीच न पाहिलेला पुण्या-मुंबईचा पाहुणा व्हायचं आणि प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने सांगायचं. शहरातला, गुऱ्हाळ न बघितलेला विद्यार्थी वर्गात असेल तर पाहुण्याचं काम त्यालाच द्या, म्हणजे प्रश्न खरे होतील. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याशी बोलण्यात खोटेपणा येतो आणि विद्यार्थी दोन वाक्यांत आवरतं घेतो. जोडीतल्या एकाकडे नसलेली माहिती दुसऱ्याकडे असली पाहिजे, ही अट बोलण्याच्या प्रत्येक कामाला लावा.

तिसऱ्या दिवशी लेखन. विषय बदला, रचना तीच. फाउंड्रीत काम करणारा ओतकाम कसं होतं ते लिहील, चप्पल कारागिराच्या घरातली मुलगी कातड्यापासून कोल्हापुरी चप्पल कशी होते ते लिहील, गृहिणी भडंग कसं करतात ते लिहील. रचना नव्या विषयावर चालवता आली तरच ती विद्यार्थ्याची झाली असं समजा.

बोलण्याचा सराव: चार, तीन, दोन

अडखळणाऱ्या वर्गासाठी एक जुना, खात्रीचा सराव आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनामुळे तो जगभर पोचला. विद्यार्थी एका जोडीदाराला चार मिनिटं एक गोष्ट सांगतो. मग जोडीदार बदलतो, तीच गोष्ट तीन मिनिटांत. पुन्हा जोडीदार बदलतो, तीच गोष्ट दोन मिनिटांत. ऐकणारा दरवेळी नवा असल्यामुळे तेच सांगायला कंटाळा येत नाही. वेळ कमी होत गेल्याने थांबे गळतात आणि पहिल्या फेरीत शोधावे लागलेले शब्द तिसऱ्या फेरीत आपसूक येतात. बी१च्या वर्गाला चार मिनिटं जड जातात, त्यांना तीन, दोन, दीड द्या. या सरावात नवा विषय किंवा नवी रचना घालू नका. काल शिकलेलं आज वेगाने बोलायचं, एवढंच.

तो चालू असताना तुम्ही काय करायचं? वर्गातून फिरायचं, कागदावर वाक्यं टिपायची आणि मध्ये तोंड घालायचं नाही. आपल्याकडच्या शिक्षकांना हे फार अवघड जातं, कारण चूक ऐकून गप्प बसणं म्हणजे काम चुकवणं असं वाटतं. पण बोलण्याच्या मधोमध दुरुस्ती झाली की विद्यार्थी पुढच्या वाक्याआधी तुमच्या चेहऱ्याकडे बघू लागतो, आणि एकदा ती सवय लागली की मोडत नाही. फेऱ्या संपल्यावर टिपलेली पाच-सहा वाक्यं नाव न लावता फळ्यावर लिहा. त्यातली एक-दोन उत्तम, बरोबर वाक्यंही असू देत. ‘यातलं काय बदलाल?’ असं वर्गाला विचारा. दुरुस्ती त्यांना करू द्या, कारण बहुतेक वेळा ती त्यांना येत असते.

रचना पहिल्यांदा घोटून घेताना, म्हणजे पहिल्या दिवशी, मात्र लगेच थांबवायला हरकत नाही. तिथे उद्देश अचूकतेचा असतो. कोणत्या कामात अचूकता हवी आणि कोणत्यात ओघ, हे काम सुरू करण्यापूर्वी वर्गाला सांगून टाका. त्यांचं ओझं निम्मं उतरतं.

गप्प बसणाऱ्यांबद्दल थोडं. मोठ्या वयाचे, नोकरी करणारे विद्यार्थी कॉलेजच्या मुलांसमोर चुकायला घाबरतात. त्यांना सगळ्या वर्गासमोर उभं करू नका. आधी एक मिनिट मनात जुळवायला द्या, मग एकाच जोडीदाराशी, मग चौघांच्या गटात. त्यांना ‘दादा’, ‘काकू’ म्हणून बोलावणारा वर्ग असेल तर ते नातं इंग्रजीतही राहू द्या. वीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारावी, असा आग्रह इंग्रजीसाठी धरायची काही गरज नाही.

उच्चारांवर फार वेळ देऊ नका, पण शब्दातला आघात टाळूही नका. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो. ‘डेव्हलप’मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर आहे, ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्यावर आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची सवय लावा. इंग्लंड-अमेरिकेची ढब उचलायला लावू नका. समोरच्याला समजलं पाहिजे, इतकंच ध्येय ठेवा.

लेखन: मुद्दा आधी

आपल्या मराठी पत्राला मान देऊन, पार्श्वभूमी सांगून, मग कामावर यायची रीत आहे. विद्यार्थी तीच रीत इंग्रजी मेलला लावतात: ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, आय वुड लाइक टू इन्फॉर्म यू दॅट...’ आणि माल उशिरा येणार ही बातमी चौथ्या ओळीत येते. लिहायला बसण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहून घ्या: वाचणाऱ्याला काय कळायला हवं, त्याने काय करायला हवं, कधीपर्यंत. मग पहिल्या दोन ओळींत तेच लिहायचं. गोकुळ शिरगावच्या वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीतून जाणारी मेल अशी होईल: ‘द ट्वेंटी कास्टिंग्ज यू ऑर्डर्ड विल बी डिस्पॅच्ड ऑन थर्सडे, टू डेज लेट. वन पॅटर्न वॉज डॅमेज्ड अँड हॅड टू बी रिपेअर्ड.’ आठवड्याचा पॅसिव्ह इथेही आपोआप आला. पॅटर्न कुणी मोडला हे ग्राहकाला सांगायचं नसतं, म्हणून इथे पॅसिव्हच हवा.

परिच्छेद लिहिताना आधी बोलून घेणं कधीही चांगलं. चार-तीन-दोनची तिसरी फेरी संपली की लगेच वह्या उघडायला लावा. ताज्या वाक्यांचा कच्चा मसुदा दहा मिनिटांत उतरतो. मग जोडीदार तो वाचतो आणि फक्त दोन गोष्टी सांगतो: काय नीट कळलं, कुठे प्रश्न पडला. भाषेच्या चुका जोडीदाराने काढायच्या नाहीत. त्यानंतर दुसरा मसुदा. हा तुम्ही तपासायचा.

तपासताना बरोबर उत्तर लिहून देऊ नका. समासात खुणा करा: काळासाठी ‘का’, शब्दक्रमासाठी ‘क्र’, आर्टिकलसाठी ‘आ’, शब्दनिवडीसाठी ‘श’, स्पेलिंगसाठी ‘स्पे’. आणि सगळ्याच चुकांना खूण करू नका. आठवड्याची रचना आणि त्या विद्यार्थ्याची वहीत नोंदलेली एखादी नेहमीची चूक, एवढंच. लाल शाईने भरलेलं पान विद्यार्थी बंद करून ठेवतो. चार खुणांचं पान तो बसून दुरुस्त करतो, आणि तिसरा, स्वच्छ मसुदा वर्गाच्या भिंतीवर लावता येतो.

पुढच्या आठवड्यांसाठी

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. साध्या भूतकाळासाठी राजर्षी शाहू महाराजांचं चरित्र घ्या: १८७४चा जन्म, १८९४ला हाती आलेला कारभार, १९०२चा राखीव जागांचा आदेश, १९१७चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९२२चं निधन. प्रत्येक गटाला दोन सालं द्या आणि बाकीच्यांची माहिती इतर गटांकडून विचारून घ्यायला लावा. साधा वर्तमानकाळ आणि कारण सांगणाऱ्या वाक्यांसाठी अंबाबाईचा किरणोत्सव आहे. मावळतीची किरणं नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत का पोचतात, हे समजावताना ‘बिकॉज’, ‘सो’, ‘व्हेन’, ‘ॲज’ ही सगळी लागतात. तुलनेसाठी तांबडा आणि पांढरा रस्सा. वर्ग तासभर भांडेल, फक्त ते भांडण इंग्रजीत ठेवा.

अवघड, असता-नसताच्या जर-तरसाठी ऑगस्ट २०१९चा पूर घ्या. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. वर्गातल्या अनेकांनी ते घरात अनुभवलेलं असतं. त्यामुळे आधी विचारा की कुणाला हा विषय नको आहे का, आणि तसं कुणी म्हणालं तर त्याला दुसरा विषय द्या. मग पहिल्या दिवशी फक्त काय घडलं ते भूतकाळात. दुसऱ्या दिवशी ‘इफ वी हॅड मूव्ह्ड द कॅटल अर्लियर’ असं एकेक अर्धं वाक्य चिठ्ठीवर लिहून वाटा आणि दुसरा अर्धा भाग जोडीने पुरा करू द्या. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला पुढच्या पावसाळ्याआधी काय करावं याचं एका पानाचं पत्र: काय व्हायला हवं, कुणी करायला हवं, कधीपर्यंत.